आधी तारीख, मग सुट्टी

दिल्ली छावणीतल्या त्या गल्लीत सुट्टीचं नाव कुणी तोंडानं काढत नसे. मराठी जवानांची बारा बिऱ्हाडं एका ओळीत. कुणाच्या डब्यात तांदूळ किती आणि कुणाच्या पोराला गणितात मार्क किती, सगळं एकमेकींना ठाऊक. पण नवऱ्याची सुट्टी कधी आहे असं विचारलं, की बाई ओठावर बोट ठेवायची. आधी बोललं की सुट्टी कापली जाते, ही तिथली पक्की समजूत. कागद हातात पडल्याशिवाय ट्रंक काढायची नाही, गावी कळवायचं नाही. आणि कागद पडायचा जेमतेम आठ दिवस आधी. मग नवरा रेल्वेच्या फुकट प्रवासाचं सरकारी वॉरंट घेऊन स्टेशनावर धावायचा, फौजी कोट्यातून एक बर्थ या डब्यात तर दुसरा त्या डब्यात मिळायचा, आणि माणसं पहाटे चोरासारखी निघून जायची.

हवालदार भालचंद्राच्या बायकोनं, इंदुमतीनं, बारा वर्षं हेच केलं. बाई माणदेशातली, दहावीपर्यंत शिकलेली, उंचीनं बेताची, आवाजानं नव्हे. सकाळी आंघोळ, देवापुढं दिवा, आणि मग दिवसभर शिलाईचं मशीन. कारगिलच्या साली तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तिनं चकार शब्द कुणाला सांगितला नाही. तरी पलटण वर गेलीच, सुट्टी गेली, आणि तिकीट सुट्टीला बांधलेलं म्हणून तेही गेलं. लग्नाच्या अल्बममध्ये सगळं गाव आहे, नवऱ्यामुलाची थोरली बहीण नाही. दोन वर्षांनी फौज सरहद्दीवर जाऊन बसली, तेव्हाही तीच कथा. आणि सुट्टी आलीच तर ती गावाकडं जायची: पत्रे बदलायला, दिराची सोयरीक जमवायला, सासूच्या मोतीबिंदूला. युवराज आणि सुकन्या या तिच्या मुलांनी जगात दोनच ठिकाणं पाहिली होती, दिल्ली आणि आपलं गाव.

त्या वर्षी उन्हाळ्यात ती गुडगावला नव्या उंच इमारतींत ब्लाऊज द्यायला गेली. तिथली लतिका पुण्याची, नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत. दिवाळीत केरळला जायचं त्यांनी जानेवारीतच ठरवून टाकलं होतं. इंदुमतीनं भीतभीत विचारलं, साहेबांची सुट्टी मंजूर झाली का? लतिका हसली.

"छे हो ताई. सुट्टी मागत बसलं तर जन्मात मिळत नाही. आम्ही आधी बुकिंग करून टाकतो. मग बॉसला सांगायचं, तिकिटं काढलीत यार, आता काय करू?"

परतीच्या बसमध्ये इंदुमती खिडकीला डोकं टेकून बसली होती. आधी तारीख, मग सुट्टी. एवढं सोपं असतं माणसांचं?

जगन्नाथपुरीला जायचं तिच्या मनात फार वर्षं होतं. देवघरात एका ओडिया शेजारणीनं दिलेली तसबीर होती, जगन्नाथ आणि त्याचे भाऊबहीण, मोठ्या डोळ्यांचे ते तिघे. शिवाय तिथं समुद्र. रेल्वेचं तिकीट साठ दिवस आधी मिळतं, हे तिनं विचारून घेतलं. दसऱ्याला निघायचं ठरवून तिथून मागं मोजत आली, तर श्रावणातली तारीख निघाली. त्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी ती रांगेत उभी होती. फॉर्मवर पहिलं नाव तिनं स्वतःचं लिहिलं, मग मुलांची, शेवटी नवऱ्याचं. बाबूनं पत्ता बघून वॉरंट मागितलं. ती म्हणाली, वारंट नहीं है, मेरा पैसा है. धर्मशाळेला जोडकार्ड टाकलं, त्याचं उत्तरही आलं.

भालचंद्राला तिनं जेवताना सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, अर्ज टाकतो, पण गल्लीत बोलू नकोस. ती दुसऱ्याच दिवशी नळावर बोलली, तारखेसकट. बायकांनी हंडे उचलले आणि काढता पाय घेतला.

आणि भाद्रपद सरता सरता हुकूम आला. पलटण महिनाभर राजस्थानात सरावाला जाणार, सगळ्या सुट्ट्या बंद. भालचंद्र घरी आला तो बूट न काढताच दारात बसला.

"तिकिटं परत कर, इंदू."

"तुमचं करते. आमची तीन राहू देत."

"अगं, दीड दिवसाचा प्रवास. परका मुलूख. तिथली भाषा येते का तुला?"

"दिल्लीची तरी कुठं येत होती? दूधवाल्याला बोटं दाखवून दूध घेत होते मी."

"लोक काय म्हणतील? नवरा उन्हात, आणि बायको निघाली फिरायला."

त्याचं हे वाक्य तिला लागलं. तिनं हातातली शिलाई खाली ठेवली. मग देवघराकडं बोट करून म्हणाली, "तो बघा. भावाबहिणीला घेऊन बसलाय तिथं, शेजारी बायको नाही. देवाला चालतं, तर मला नवऱ्याशिवाय चालायला काय झालं? तुम्ही घरी असता आणि मी गेले असते, तर गोष्ट वेगळी. मी घरी बसल्यानं तुमचं ऊन कमी होणार आहे का?"

भालचंद्र दारातून उठला. त्यानं बूट काढले. पलटण निघाली त्या सकाळी मात्र आपली जाड साखळी आणि कुलूप तिच्या हातात देऊन गेला. बर्थखाली ट्रंक अडकवायला.

नवरात्रात सुभेदारांच्या घरी हळदीकुंकू होतं. सुभेदारांच्या पत्नी सरलावहिनी गल्लीत वयानं आणि मानानं मोठ्या. त्यांना दिवाळीला सोलापूरला माहेरी जायचं होतं, तेही बुडालं होतं. खोली बायकांनी भरलेली. इंदुमतीला कुंकू लावताना त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "एकीच्या जिभेपायी अख्ख्या पलटणीची सुट्टी गेली. साठ दिवस आधीपासून डांगोरा पिटला, मग काय होणार?"

कुणी हसलं, कुणी बांगड्यांशी चाळा करत बसलं. इंदुमतीनं वाटीतलं कुंकू त्यांच्या कपाळी लावलं, नीट, गोल. मग म्हणाली,

"वहिनी, कारगिलच्या साली माझ्या भावाचं लग्न होतं. मी भिंतीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हीही गप्प होता, या सगळ्याजणी गप्प होत्या. तेव्हा कुणाच्या जिभेनं गेली हो सुट्टी?"

तिनं कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"हुकूम वरून येतो. आपल्या नळावरनं जात नाही. आणि देवाला माझी तारीख कळल्यानं तो माझ्यावर कोपेल, असा माझा देव नाही."

सरलावहिनी लाल झाल्या. म्हणाल्या, साहेबांच्या कानावर घालीन, बाईमाणसानं एकटीनं जायचं म्हणजे काय. इंदुमती म्हणाली, जरूर घाला, गाडीचा नंबर हवा असेल तर लिहून देते. ओटी घेतली, नमस्कार केला आणि घरी आली. दार लावल्यावर तिनं पुन्हा एकदा तिकिटं काढून बघितली. खरंच मुलांना काही झालं तर? ती देवापुढं बसून राहिली. कौल लावला नाही, नवस बोलली नाही. फक्त म्हणाली, बघ बाबा, मी निघतेय.

दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहिलं, कात्री पुजली. दिल्लीत आपटा कुठला. छावणीतल्या कचनाराची, आपट्यासारखीच जुळी पानं तोडून आणली होती. संध्याकाळी नवी साडी नेसून, ट्रंक दाराशी ठेवून ती गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरू झाली. प्रत्येक दारात सोनं द्यायची आणि सांगायची: पुरीला चाललो आम्ही, आजच्या गाडीनं, चौदा तारखेला परत. कुणी पुटपुटत सोनं घेतलं, कुणी मुलांच्या हातावर साखर ठेवली. एकीनं कानाशी येऊन हळूच विचारलं, फॉर्म हिंदीत चालतो का? इंदुमती मोठ्यानं म्हणाली, चालतो, नाव आपलंच लिहायचं पहिलं.

शेवटचं घर सुभेदारांचं. सरलावहिनी दारातच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. दसऱ्याचं सोनं नाकारता येत नाही, म्हणून हात पुढं केला.

"हट्टी आहेस," त्या म्हणाल्या.

"आहे," इंदुमती म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. "येते वहिनी."

युवराजनं ट्रंकेची एक कडी धरली, तिनं दुसरी. सुकन्या पाण्याची बाटली घेऊन पुढं. बारा दारांतून बायका बघत होत्या. इंदुमतीनं मान खाली घातली नाही. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं, तेव्हा तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात स्टेशनाचं नाव सांगितलं.