चारबोटे आणि सहावा पाटा

चारबोटे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटी गंजून गेली आणि ते वाचायची कुणाला गरजही पडली नाही. माल भरलेली गाडी दारात आली की हा माणूस मागच्या चाकापाशी यायचा आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत हात घालायचा. चार बोटं एकावर एक मावली तर म्हणायचा, "जा." तीनच मावली तर, "उतरव." यापुढे वाद घालायची सोय नव्हती. एकदा एका ट्रकवाल्याने पट्टी आणून फट मोजून दाखवली, तर चारबोटेकाकांनी ती पट्टीच त्याला परत दिली आणि म्हणाले, "ही जुनी झालीय. नवी घे."

माझा धंदा तंबू भाड्याने देण्याचा. तंबू, झोपायच्या पिशव्या, घडीची टेबलं, शेगड्या, पाण्याचे कॅन, आणि हे सगळं डोंगरावर वाहून नेणारी एक पिकअप. लोकांना वाटतं, तंबू म्हणजे कापडच की, त्याचं कसलं वजन! म्हणावं, एकदा भिजलेला तंबू उचलून बघा. पिकअप कशी सांभाळायची ते मला काकांनीच शिकवलं. जड सामान केबिनला चिकटून, कॅन तळाशी, मागच्या फळीपाशी फक्त हलकं. टायरची हवा गाडी थंड असताना बघायची. फेरी करून आलो की पाट्यांचे नट पुन्हा आवळायचे. पाटे म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या लोखंडी पट्ट्या, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. माझ्या गाडीला एका बाजूला पाच होते. ते काकांनी स्वतः बसवलेले.

दर फेरीच्या आधी मी भरलेली गाडी त्यांच्याकडे न्यायचो. ते मला 'कॅम्पवाले' म्हणायचे. काकू आतून चहा आणायच्या, काका हात घालायचे, आणि मी निघायचो. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

मग मला हाव सुटली. टपावर लोखंडी सांगाडा बसवला, त्यावर घडीचा मोठा तंबू, बाजूला आणखी दोन पेट्या. काकांनी हात घातला. तीन बोटं.

"निम्मं उतरव. दोन फेऱ्या कर."

"काका, दोन फेऱ्या करायच्या तर मग सांगाडा बसवला कशाला?"

"तेच तर मी विचारतोय."

आजूबाजूचे हसले आणि माझं डोकं फिरलं. निम्मं सामान उतरवलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात जाऊन दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. तासाभरात काम झालं. आता कितीही भरा, गाडी मागून खाली बसेना. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

पुढच्या फेरीला सगळंच्या सगळं भरलं, वरून ताडपत्री ओढली आणि काकांकडे गेलो. न जाताही चाललं असतं, पण खरं सांगायचं तर मला त्यांची जिरवायची होती. काकांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. ते वाकून खाली बघत नसत, नुसता हात घालत. चार बोटं गेली, वर थोडी जागाही उरली. त्यांचा चेहरा खुलला.

"शहाणा झालास. वजन कमी केलंस ना?"

मी "हो" म्हणालो. एवढं सोपं होतं ते.

त्या फेरीला दादा, माझा मोठा भाऊ, माझ्या शेजारी बसला होता. उतारावरच्या वळणावर मी ब्रेक दाबला. पुढची चाकं अडली, मागून गाडी ढकलतच राहिली आणि दादाच्या बाजूने दगडी कठड्यावर आदळली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही.

इस्पितळात वहिनीने विचारलं, "गाडी नीट बघून घेतली होतीस की नाही?"

"चारबोटेंनी बघितली होती," मी म्हणालो. एकही शब्द खोटा नव्हता. आजही ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

वहिनी तडक गॅरेजवर गेली. चार लोकांसमोर म्हणाली, "वय झालं, झेपत नाही, तर बंद करा ना! माणसं मारता का?" काका तिला म्हणाले, "मी बघितली होती. माझा हात चुकला असेल." हे मला तिनेच सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं.

गाडी दुरुस्त करणाऱ्याने मला खालचं दाखवलं. मागच्या ब्रेकला एक दांडी जोडलेली असते. गाडी वजनाने खाली बसली की दांडी सरकते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. पाटा वाढवला की गाडी बसतच नाही. दांडीच्या लेखी गाडी रिकामी. "पाटा घातला की दांडी पुन्हा लावायची असते," तो म्हणाला. "कोणी केलंय हे?" मी म्हणालो, माहीत नाही.

त्यानंतर तीन महिने मी काकांच्या रस्त्याने गेलो नाही. लांबून वळसा घालायचो. मग एकदा बाजारात काकू समोरच आल्या. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्यांनी आधी दादाच्या पायाची चौकशी केली.

"हे आता भरलेल्या गाड्या बघतच नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे दाखव म्हणतात. दिवसभर एक पट्टी घेऊन बसतात. डोळे मिटून दाराच्या फटीत हात घालतात, मग पट्टीने मोजतात. बरोबरच येतं रे. पण त्यांना पटत नाही. तू एकदा येऊन जा ना. तुझं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिकअप घेऊन गेलो. काका स्टुलावर बसले होते, पट्टी मांडीवर.

"काका, पाटे मोजा."

"कशाला?"

"मोजा ना."

पुठ्ठा अंथरून, कण्हत, ते गाडीखाली शिरले. "एक. दोन. तीन. चार. पाच." मग लोखंडावर टकटक. "सहा." आणखी थोड्या वेळाने, "ब्रेकची दांडी जुन्याच जागी आहे."

मी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. गाडीखाली बघत, त्यांच्या चपलांशी बोलत होतो. निदान शिव्या तरी मिळतील अशी आशा होती.

काका बाहेर आले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. डोळे भरलेले, आणि हसत होते.

"म्हणजे चार होती?"

"चारच होती, काका."

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? हात बरोबर होता माझा!"

काकू दोन कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एक कप त्यांनी काकांना दिला आणि दुसरा घेऊन आत गेल्या.

घरी येऊन दादा-वहिनीला सांगितलं. वहिनी संध्याकाळी काकांकडे माफी मागायला गेली. मला चल म्हणाली नाही.

जादा पाटे काढले, सांगाडाही काढला. काका पुन्हा गाड्या बघतात, दारात रांग असते. बाकीच्यांच्या गाड्यांना नुसता हात घालतात. माझी आली की आधी पुठ्ठा अंथरतात. गुडघे दुखत असतात, उठताना काकूंना हात द्यावा लागतो. बॅटरी धरू का, असं मी विचारलं तर नको म्हणतात. खालून मोठ्याने मोजतात आणि रांगेतले सगळे ऐकतात. पाच झाल्यावर क्षणभर थांबून सहाव्याची जागा चाचपून बघतात, आणि मगच बाहेर येऊन फटीत हात घालतात.