बसा वहिनी, माझी परवानगी आहे

आमच्या गिरगावातल्या चाळीत गॅलरीचं शेवटचं टोक म्हणजे खरी इस्टेट. खोल्यांत पंखे गरम हवाच फिरवतात, पण त्या कोपऱ्यात दुपारी चौपाटीकडून वारा येतो. आईला दमा. मोकळ्या हवेत बसवा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून जेवण झालं की ती घडीची खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसायची. कोपरा शेजारच्या काकांच्या खिडकीखाली आहे, पण गॅलरी अख्ख्या चाळीची.

हे काका कोर्टातून रिटायर झालेले कारकून. मी फोर्टमध्ये एका वकिलाकडे टायपिंग करते. कायदा आम्हा दोघांनाही अर्धाच येतो.

एका शनिवारी मी घरी होते. आई खुर्ची घेऊन गेली, तसे काका खिडकीतून खणखणीत आवाजात म्हणाले, "बसा वहिनी, माझी परवानगी आहे." आई हसून बसली. मी भेंडी चिरत होते, माझा हात थांबला. परवानगी? कसली परवानगी? रविवारी पुन्हा तेच, शब्दन् शब्द तोच. आणि पलीकडच्या मावशी कपडे वाळत घालत होत्या, म्हणजे साक्षीदारही तयार!

पाणी कुठेतरी मुरत होतं. चाळ पुनर्विकासाला जाणार, बिल्डरची माणसं मोजमापाला येणार, अशी कुजबुज जिन्यात चालली होती. आणि कायद्यात वहिवाट नावाची एक चीज आहे. एखादी जागा तुम्ही वर्षानुवर्षं उघडपणे, कुणाला न विचारता वापरलीत, की त्या वापराचाच हक्क होतो. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, दुसरं काय! म्हणून चतुर माणूस हाकलत बसत नाही. तो गोड आवाजात परवानगी देतो. परवानगीने वापरलेल्या जागेवर हक्क कधीच तयार होत नाही, आणि वर परवानगी देणारा फुकटात मालक ठरतो. वा रे वा! कोपरा सगळ्यांचा आणि परवानगी यांची!

"आई, पुन्हा म्हणाले तर सरळ सांगायचं, मला परवानगी नको, माझा हक्क आहे."

"अगं, शेजारी माणूस, रोज बसा म्हणतोय बिचारा."

"बसा म्हणत नाहीयेत, कोपरा लाटतायत!"

मग मीच काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. "काका, उद्यापासून आईला परवानगी द्यायची नाही. तुम्ही कोण देणार?"

काकांनी चष्मा वर सरकवला. "अस्सं! म्हणजे हक्क सांगायचाय होय? तरीच म्हटलं, खुर्ची रोज त्याच फरशीवर कशी येते!"

म्हणजे बघा, चोराच्या उलट्या बोंबा! माझा संशय खरा होता, आणि या गृहस्थाला संशय माझाच! बरंच वाजलं आमचं. शेवटी यापुढे चकार शब्द काढणार नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेऊनच मी परतले. जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली. आई खुर्ची घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली. खिडकीकडे बघितलं. काका पेपरामागे चिडीचूप. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग परत आली, खुर्ची दारामागे ठेवली आणि आत जाऊन पडली. तिच्या छातीतली घरघर मला ओट्यापाशी ऐकू येत होती.

"अगं, बसली का नाहीस? तुझ्या हक्काची जागा आहे ती!"

"कुणी बस म्हटलं नाही," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा तिथे सासरे बसायचे, मी दारात उभी. मग तुझे बाबा होते तोवर ते बसायचे, तरी मी उभीच. तू हक्क हक्क करतेस, पण हक्काने कसं बसायचं ते मला येत नाही गं."

राज्यघटनेतलं समानतेचं कलम मी ऑफिसात कितीदा टाईप केलंय. घरात आई उभी आहे, हे मला कधी दिसलंच नव्हतं. संताप आला, आजोबांचा, बाबांचा, आणि रडूही आलं. पण तिचा श्वास लागला होता. तशीच उठले आणि काकांकडे गेले.

"काका, आईला म्हणा परत."

"काय म्हणू?"

"तेच. परवानगीचं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि मोजणीच्या दिवशी कोपरा आमचा म्हणून उभी राहशील, त्याचं काय?"

"नाही राहणार."

"मावशींच्या समोर सांगशील?"

"सांगेन हो!" मी ओरडलेच. काय माणूस आहे! तेव्हा कुठे ते खिडकीत आले. "बसा वहिनी, माझी परवानगी आहे."

आई बाहेर आली, बसली. वारा होता. हळूहळू तिचा श्वास खाली बसला. मी बाजूला उभी होते, तर माझा हात ओढून म्हणाली, "तू कशाला उभी? बस की." मी तिच्या पायाशी फरशीवर बसले.

लगेच वरून आवाज, "परवानगी एकाच खुर्चीची आहे हं!"

आईने मान वळवलीसुद्धा नाही. "असू दे भावोजी," ती म्हणाली, "ही माझ्या परवानगीने बसलीये."