डावीकडची कुजबुज

वालूरच्या हरिओमला गावात ओळखायचे ते कापसाच्या जिनिंग गिरणीवरचा माणूस म्हणून. दिवाळीपासून होळीपर्यंत गडी अंगावर कापसाचे तंतू घेऊनच फिरायचा. गावाबाहेरची बाराशे माणसं मात्र त्याला आवाजावरून ओळखायची. रविवारी जिनिंग बंद असली की दुपारी तो पत्र्याच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचा, हेडफोन लावून एखादा गेम खेळायचा आणि त्यावरचं आपलं मत रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचा.

गेमही कसले? खेळणाऱ्याला स्वतःचं अंगसुद्धा दिसत नाही, दिसतं ते फक्त समोरचं. ओसाड घर, बंद पडलेलं स्टेशन, आणि आपण एकटे. बंदुकीच्या गेमला तो हिंग लावून विचारत नसे. "भूत दाखवतो तो गेम भिकार," तो म्हणायचा, "भूत ऐकवतो तो खरा. आन् फरशीवरनं गवतात गेलो तरी पावलाचा आवाज तोच ऱ्हायला, तर बनवणारानं घरी बसावं." जीभ तिखट, पण कान पक्का. चित्रात कौलं आणि पाऊस मात्र पत्र्यावर वाजतोय, अशी चूक त्याने एकदा पकडली आणि तेव्हापासून गेम बनवणारी मंडळीही त्याला वचकून असायची. बारावी नापास माणसाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार होता? तो सगळा मान कानामुळे होता, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

म्हणूनच महिनाभर त्याला एक धास्ती लागली होती. सहा हंगाम त्याने यंत्रांच्या धडधडीत काढले होते. जिनिंगवरचे सगळेच कानात कापसाचे बोळे कोंबतात. तिथे कापसाला काय तोटा! पुष्कळदा बोळा काढायचा राहून जातो आणि माणूस तसाच जेवायला बसतो. "एक दिवस कानात सरकी उगवंल तुमच्या," त्याची बायको निकिता म्हणायची. हल्ली तिला दोन-दोन हाका माराव्या लागायच्या. बोळा राहिला असेल, असं हरिओम मनाशी म्हणायचा. कानाला हात लावून बघायचं मात्र टाळायचा.

अशात सेलूच्या माधवीचा गेम आला. पोरगी पुण्यात राहून दोन वर्षं त्यावर खपली होती. आपण एका बंद शाळेत अडकलेलो, आणि वाट सांगायला फक्त एक कुजबुज, कधी उजव्या कानात, कधी डाव्या. गेम सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा तिने आधी हरिओमला कळवलं. तो तिसऱ्या वर्गाच्या दारात नऊ वेळा मेला, चिडला आणि मत ठोकून मोकळा झाला. "या गेमची डावी बाजू मुकी हाय. मुक्या गेमात वातावरण कुठनं येणार? दोन वर्षांची मेहनत पाण्यात."

मग आठवडाभर तो लोकांची उत्तरं वाचत राहिला. डावीकडच्या कुजबुजीने अंगावर काटा आला, असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने तर घाबरून हेडफोनच काढून ठेवला होता. तिसऱ्याने नुसतं लिहिलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." जिनिंगवर हरिओमचे हात चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी दुपारी माधवीचा फोन आला. त्याने तो उजव्या कानाला लावला. डाव्याला लावायचं आपण कधीच सोडलंय, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"हरिओमदादा, मला राग नाही आला. पण तुमचा कान चुकत नाही, म्हणून विचारते. तुमच्या हेडफोनची एक बाजू बिघडलीय का?"

"तेच असंल, ताई! बघतो." त्याचा जीव भांड्यात पडला. हेडफोन काय, नवा आणता येतो.

त्याने गेम उघडला, तिसऱ्या वर्गापर्यंत गेला आणि हेडफोन उलटा घातला. डावी बाजू उजव्या कानावर. आणि कुजबुज आली, इतकी जवळून की त्याने दचकून मान वळवली. "इकडे ये. दार इकडे आहे." रिकाम्या वर्गाचा घुमारा होता तिच्यात, शब्दाआधी घेतलेला श्वासही होता. असाच गेम तो इतकी वर्षं शोधत होता. हेडफोन धडधाकट होता.

खांद्याला हात लागला. डावीकडे निकिता चहा घेऊन उभी होती. त्याने हेडफोन काढला. "अवो, तीनदा हाक मारली. त्यो बोळा काढा की कानातला!"

बोळा! कालचा राहिला असणार. हरिओमला एकदम धीर आला. महिनाभर टाळलेली गोष्ट त्याने आता घाईघाईने केली. करंगळी डाव्या कानात घातली, फिरवली, आणखी आत घातली.

कान रिकामा होता.

"बोळा न्हाई, निकिता," तो म्हणाला.

तिने चहा खाली ठेवला आणि त्याच्या डावीकडेच टेकली. थोड्या वेळाने त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं. "मागल्या रविवारचं माझं मत चुकीचं हाय. गेमची डावी बाजू मुकी न्हाई. गेम लय चांगला हाय, माधवीताईंनी जीव ओतलाय. हेडफोन लावून खेळा." तो थांबला. "मला ऐकू आलं न्हाई. माझा डावा कान गेलाय."

डावीकडे निकिता काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. मग तिच्याच लक्षात आलं. ती उठली, त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, "उद्या परभणीला जाऊ, डाक्टरकडं."