नवरदेवासाठी ठेवलेला वस्तरा

गालाला लावण्याआधी दगाआबा वस्तऱ्याचं पातं स्वतःच्या मनगटावर टेकवून बघत आणि विचारत, “थंडा लागी ऱ्हायना का, गुरुजी?” तापीकाठी, प्रकाशा गावच्या घाटाजवळ त्यांचं टपरीवजा दुकान होतं. तीस वर्षं मी त्यांच्याच खुर्चीत बसलो. वस्तरा थंड लागल्याचं एकदाही आठवत नाही, तरी ते विचारत.

बाकीच्यांनी पत्ती बदलायचे वस्तरे घेतले, आबांचा जीव पोलादी वस्तऱ्यावर. नवा आणला की सात दिवस गव्हाच्या डब्यात ठेवायचा. “नवी नवरी आनि नवा वस्तरा, दोन्हीसले आधी घर वळखू द्या.” मग पहिला हात बाळाच्या जावळाला, नाहीतर नवरदेवाच्या दाढीला. घाटावर क्रियाकर्माला आलेल्यांच्या डोक्याला जुनाच वस्तरा. “पहिलं जे चाखस, तेच जलमभर मांगस तो,” म्हणत. मी विज्ञान शिकवणारा; लोखंडाला कसली आलीय चव, म्हणून थट्टा करायचो. ते हसून माझी हनुवटी वर करत, की माझं बोलणं बंद.

एकुलत्या मुलाचं, हिरामणचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी सारंगखेड्याच्या जत्रेतून नवा वस्तरा आणला. लग्न वैशाखात होतं, म्हणून सात दिवसांच्या जागी तो चार महिने गव्हात राहिला. मी गेलो की झाकण उघडून दाखवायचे. इतका सुखी माणूस मी पाहिला नव्हता.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना हिरामणची केळीची गाडी उलटली. अंगणात त्याच्या देहाला आंघोळ घातली, राहून गेलेली हळद लावली. दाढी वाढलेली होती. कोणीतरी घाटावरचा वस्तरा पुढे केला. आबांनी तो बाजूला सारला.

“जुना नको. नवरदेव शे मन्हा पोऱ्या.”

गव्हातून नवा वस्तरा काढला. गरम पाणी मागून घेतलं. पातं मनगटावर टेकवलं आणि वाकून, रोजच्याच आवाजात विचारलं, “थंडा लागी ऱ्हायना का रे, भाऊ?”

मला तिथे उभं राहवलं नाही.

चितेवर त्यांनी तो वस्तरा हिरामणच्या उशाशी ठेवला. एकदाच वापरलेली वस्तू, राहू द्या, असं मीच मूर्खासारखा बोललो.

“गुरुजी, त्यानं काय चाखं ते तुम्ही देखं ना? आते तो दुसराना पोऱ्या मांगी.”

त्याच आठवड्यात माझ्या मुलाची सोयरीक ठरली होती. आबांना ते ठाऊक होतं.

आबांनी दुकान पुन्हा उघडलं नाही. या पौषात ते गेले. दाढी करायला त्यांचं म्हणावं असं कोणी नव्हतं, म्हणून मी माझा पत्तीचा वस्तरा घेऊन बसलो. पातं आधी मनगटावर टेकवून बघितलं.

थंडगार होतं. मी पाणी पुन्हा तापवायला सांगितलं.