ताईंची सुरी आणि साडूंचं पितळ

झटपट निर्णय घेणाऱ्या माणसांनीच या जगाचं वाटोळं केलं, असं ज्यांचं ठाम मत आहे आणि त्या वाटोळ्याला ज्यांनी स्वतः काडीचाही हातभार लावलेला नाही, असा एकच पुरुष माझ्या पाहण्यात आहे. ते माझे थोरले साडू. हडपसरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे घडवायच्या खात्यात, त्यांनी उभी हयात घालवली. निवृत्त होताना त्यांनी कारखाना सोडला, पण बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर काही सोडला नाही. तो सदऱ्याच्या खिशात असतो आणि जेवतानाही बाहेर येतो. एकदा ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, गरम थालीपीठ वाढलं. साडूंनी त्याची जाडी मोजली आणि म्हणाले, "कडेला चार, मध्ये साडेपाच." ताई म्हणाल्या, "मग मधलं ठेवा ताटात." नारायण पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर हे सगळं सहज, आवाज न चढवता चालतं. त्यांचा फ्रिज बिघडला तेव्हा नवा कोणता घ्यावा याचा अभ्यास चैत्रात सुरू झाला. सगळा उन्हाळा घरच्यांनी माठातलं पाणी प्यायलं आणि दिवाळीच्या सुमारास साडूंनी निर्णय जाहीर केला की, आता थंडीच आली आहे, पुढल्या वर्षी बघू.

अशा माणसाच्या घरात दोन वर्षांपूर्वी एक खरीच अडचण उभी राहिली. ताईंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली, म्हणजे विळी बंद. लग्न झाल्यापासून त्या विळीवर बसून ज्या बाईने अळू, केळफूल, फणस काय वाटेल ते चिरलं, तिला आता ओट्यापाशी उभं राहून सुरी धरायची होती. पहिल्याच आठवड्यात लाल भोपळा चिरताना ओला हात मुठीवरून पुढे सरकला आणि तर्जनी पात्यावर गेली. तीन टाके पडले. रिक्षा बोलावायच्या आधी साडूंनी काय केलं असेल? सुरी उचलली, चष्मा कपाळावर ढकलला आणि निकाल दिला, "मूठ गुळगुळीत. पुढे आड काही नाही. दोष बोटाचा नाही." रुमालात बोट गुंडाळून उभ्या असलेल्या ताई म्हणाल्या, "बोटाला तेवढंच बरं वाटलं."

त्याच दिवशी साडूंनी जाहीर केलं की ताईंसाठी सुरी ते स्वतः करणार. हिंजवडीत नोकरी करणारी त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, अरे ऑनलाइन मागव ना, उद्या सकाळी घरी येईल." साडू म्हणाले, "उद्या येणारी वस्तू परवा जाते," आणि फोन ठेवला. कारखान्यातून आणलेलं करवतीचं एक जुनं जाड पातं त्यांच्याकडे होतं. गॅलरीतल्या बाकावर त्यांनी ते पंधरा दिवसांत घासून असं काही केलं की कागद नुसता दाखवला तरी चिरला जावा. इथवर ठीक होतं. पुढे प्रश्न आला गार्डचा. मूठ आणि पातं यांच्यामध्ये, बोटं पुढे घसरू नयेत म्हणून जी आड बसवतात, तिला गार्ड म्हणतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. ती आड कशी असावी, हे ठरवायला साडूंना आठ महिने लागले.

या आठ महिन्यांत माझे किती रविवार कामी आले, ते मी मोजलेले नाहीत. सकाळी फोन यायचा, "दहाला या. हात धुऊन या, इथे परत घाण करायचे आहेत." मी गेलो की माझ्या तळहाताला तेल, मग साबण, मग कणकेचं पाणी लावण्यात येई आणि साडूंनी सागवानी तुकड्यांतून कोरलेली एकेक नमुन्याची सुरी माझ्या हातात देऊन भोपळ्यावर दाबायला सांगण्यात येई. लाकडी सुरीने भोपळा चिरत नाही, हे त्या भोपळ्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. पहिला नमुना तलवारीसारखा, वर-खाली दोन्हीकडे आड असलेला. तो पाहून ताई म्हणाल्या, "अहो, दुधी चिरायचाय, गड नाही घ्यायचा." दुसऱ्याला आड नव्हतीच, मुठीलाच एक उंचवटा होता. तेल लावलेलं माझं बोट त्यावरून घसरगुंडीसारखं खाली आलं. तिसऱ्यात बोट घालायला गोल कडं होतं. त्यात माझं बोट जे अडकलं, ते अर्ध्या तासाने खोबरेल तेलाच्या मदतीने निघालं. साडूंनी वहीत नोंद केली, "क्रमांक तीन. बोट बाहेर येत नाही. सुरक्षित." चौथा नमुना एकाच बाजूला, खाली तर्जनीपुढे आड असलेला. तो त्यांना पसंत पडला. पितळेची आड घडवून, पातं आणि मूठ जोडून, घासूनपुसून सुरी तयार झाली आणि समारंभाला मुलगीसुद्धा हिंजवडीहून, वाहतुकीतून जिवंत, येऊन पोचली.

ताईंनी फळीवर काकडी ठेवली आणि सुरी चालवली. टक् असा आवाज झाला. पितळेची आड फळीवर आपटली आणि पातं फळीपासून बोटभर वर राहिलं. काकडीच्या चकत्या तळाशी एकमेकींना चिकटून हारासारख्या उभ्या राहिल्या. आठ महिन्यांत, चार नमुन्यांत, फळी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मुलगी तोंडावर ओढणी धरून आत गेली. मी मात्र इतक्या रविवारांचं उट्टं काढायला गॅलरीत साडूंच्या मागे गेलो. म्हटलं, "आता ऑनलाइन मागवायची का?"

साडू बाकापाशी पाठमोरे उभे होते. म्हणाले, "तुम्ही जेवायला येता तेव्हा काय असतं पानात?"

मी आठवून पाहिलं. पिठलं, आमटी, उसळ. फार तर हाताने मोडलेली गवार.

"आठ महिने हेच आहे. ती सुरी हातात घेते आणि खाली ठेवते. कोणी बघत नाहीसं वाटून ठेवते. मी बघतो." मग म्हणाले, "म्हणून घाई केली मी."

आठ महिन्यांना घाई म्हणणाऱ्या माणसावर तोंडसुख घ्यायचं मी ठरवून आलो होतो. ते सोडून मी बाकावरचा पितळेचा कीस गोळा करू लागलो. एवढ्यात ताईच गॅलरीत आल्या. सुरी आडवी धरून त्यांनी डोळ्यांसमोर नेली आणि म्हणाल्या, "अहो, पातं रुंद घ्या की. पातं खाली उतरलं की तुमचं पितळ वरच राहील." साडूंनी व्हर्नियर काढला, मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "शक्य आहे." त्यांच्या तोंडून आजवर याहून मोठी स्तुती कोणाच्या वाट्याला आलेली नाही.

नवं पातं चार बोटं रुंद घेतलं. पितळेची आड अगदी लहान, नेमकी ताईंच्या तर्जनीपुरती ठेवायचं ठरलं. दुपारी ताई मालिका बघत असताना साडू शेजारी बसून त्यांच्या बोटाच्या प्रत्येक पेराचं माप घेत होते. ताई म्हणाल्या, "अंगठी केलीत तेव्हा एवढं माप घेतलं नव्हतं."

"म्हणून ती सैल झाली," साडू म्हणाले.

ती सुरी महिन्याभरात झाली आणि उत्तम झाली. पहिल्या दिवशी ताईंनी लाल भोपळाच चिरला. वर्षभर त्या घरात भरली वांगी, अळूची भाजी, कोशिंबिरी यांची रेलचेल होती आणि आम्ही उभयतांनी आमंत्रणाची वाट न पाहता तिचा लाभ घेतला.

मागच्या आठवड्यात सकाळी सहज गेलो. गुडघ्यांतलं दुखणं आता ताईंच्या बोटांत उतरलं आहे. सांधे सुजलेत, मूठ वळत नाही. ओट्यापाशी साडू उभे होते आणि फरसबी चिरत होते. त्यांचं जाड बोट त्या पितळेमागे मावत नाही. ते दुमडून, मूठ मागे चिमटीत धरून, अवघडत चिरत होते. शेजारी खुर्चीवर बसून ताई सांगत होत्या, "बारीक, अहो, आणखी बारीक." व्हर्नियर कुठे दिसला नाही.

मी म्हटलं, "साडूभाऊ, तुमच्या मापाची दुसरी करून घ्या ना. पातं आहे, पितळ आहे. रविवारी मी हात धुऊन येतो."

साडूंनी मान वर केली नाही. "कशाला? सूज उतरली की तीच चिरणार आहे."

ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग "हो तर," म्हणाल्या, आणि उरलेल्या शेंगा तळहाताने हळूच त्यांच्यापुढे सरकवल्या.