डन्सची टोपी

लातूरच्या आमच्या क्लासला स्लॅब नव्हता, पत्रे होते, आणि जाहिरातीत ते मोठ्या अक्षरांत छापलेलं असे. भूकंपानंतर पालक आधी छत बघत, मग निकाल.

शनिवारी टेस्ट, सोमवारी टोपी. सर्वांत कमी मार्क पडलेल्याच्या उत्तरपत्रिकेची टोपी करून इंग्रजीचे सर ती त्याच्याच डोक्यावर चढवत. "झाली ह्याची किल्लारी!" किल्लारीत घर आणि आई गमावून आलेला पोरगा माझ्याच बाकावर बसे. तो सगळ्यांच्या आधी हसायचा.

मग टोपीवाल्यानं उभं राहून म्हणायचं, "मी डन्स."

"म्हंजे काय?"

"मठ्ठ, सर."

दुसऱ्यांदा टोपी बसली की पहिल्या बॅचमधून हकालपट्टी. पहिली बॅच म्हणजे मेडिकल. दुसरी म्हणजे उदगीरला वडिलांच्या आडतीवर तुरीची पोती. माझ्या डोक्यावर ती एकदा बसली होती, आणि पुन्हा बसणार हे पेपर देतानाच कळलं. तेव्हा मी विद्वत्तेच्या जोरावर बचावायचं ठरवलं. रविवारी वाचनालयातला जाडजूड शब्दकोश उघडला.

सोमवारी टोपीसकट उभा राहिलो.

"डन्स म्हंजे काय?"

"महापंडित, सर!"

मी हात पसरून सुरू झालो. "स्कॉटलंडात डन्स गावचा एक थोर विद्वान होता. गावाचं नाव त्याच्या नावातच होतं. तो गेल्यावर नवी विद्या आली, पण त्याचे चेले गुरूचंच जुनं घोकत बसले. म्हणून लोक त्यांना डन्स म्हणून चिडवू लागले."

सगळ्यांच्या मांडीवर सरांच्या नोट्स होत्या. सगळ्यांनी खाली पाहिलं.

सर गोड हसले. "व्वा रे पंडित! माझ्या नोट्समधी हाय का हे?"

"न्हाई, सर."

"मंग परीक्षेत येत न्हाई. उचल दप्तर. दुसरी बॅच."

मला बाहेर पडता यावं म्हणून बाकावरच्या किल्लारीच्या पोरानं पाय आवरले. "झाली किल्लारी," तो हळूच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बॅचलाही सरांच्या नव्या नोट्स आल्या. त्यांत डन्सचा उगम होता. विद्वान होता, गाव होतं, चेले गायब. टेस्टलाही तोच प्रश्न. मी चेल्यांसकट उत्तर लिहिलं.

टोपी त्याच कागदाची झाली, आणि काय फिट्ट बसली!

यंदा तुरीला भाव बरा आहे.