भार्गवची टोनही

तात्यापारा या जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या सुशीलाबाईंना भुताच्या गोष्टींचा मनापासून तिटकारा. रेल्वेतला नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्यांनी गल्लीतली तान्ही बाळं न्हाऊ घालून घर चालवलं. बाळंतिणीच्या खोल्यांत त्यांनी रक्त पाहिलं, न रडता जन्मलेली पोरं पाहिली, नात झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या सासवा पाहिल्या. भूत तेवढं कधी दिसलं नाही.

त्यामुळे शेजारचा भार्गव भुताच्या गोष्टी लिहितो आणि मोबाइलवर घोगरा आवाज काढून ऐकवतो, हे कळल्यावर त्यांना हसूच आलं. ज्या पोट्ट्याला मोरीत जायलाही आई सोबत लागायची, तो आता जगाला भिववणार! त्याच्या हडळी पांढऱ्याशुभ्र साडीत हिंडायच्या. सदर बाजारात एक चक्कर मारली तरी पदर काळा होतो, मग या बयांची धुणी धुतं कोण, असं त्या चारचौघींत विचारायच्या.

मग भार्गवची एक गोष्ट गाजली. तिच्यात टोनही होती, म्हणजे इकडची चेटकीण. ती म्हातारी बाळं न्हाऊ घालायला घरोघर जायची, टाळूवर तेल थापताना काहीतरी पुटपुटायची, आणि बाळ दिवसेंदिवस वाळत जायचं. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, अगदी सुशीलाबाईंच्या हनुवटीवर आहे तसंच. आता पुटपुटणं म्हणाल, तर त्या बिचाऱ्या रामरक्षा म्हणायच्या.

आधी लोक हसले. मग गल्लीतच वाढलेली आणि गल्लीतच दिलेली निधी बाळंत झाली. तिला स्वतःला जन्मल्यावर सुशीलाबाईंनीच न्हाऊ घातलं होतं, तरी बोलावणं आलं नाही. तिच्यामागोमाग बाळंत झालेल्या शेजारच्या ऋताकडूनही नाही. तोंडावर कुणी काही बोलेना, पण त्या दारावरून गेल्या की ओट्यावरचं बाळ उचलून आत नेलं जायचं. शिकल्यासवरल्या भेकडांचा त्यांना संताप आला. आणि ज्या हातांत बाळं बिनघोर झोपायची, त्याच हातांना आता आया भितात, म्हणून रडूही आलं.

शेवटी त्या तडक भार्गवच्या अंगणात गेल्या. त्याची बायको नुकतीच अभनपूरहून, माहेराहून, तान्ह्या लेकीला घेऊन परतली होती. तो लेकीला खांद्यावर घेऊन उन्हात फिरत होता.

"काहून रे, मले टोनही करून टाकलं तू?"

"अरे आजी, वो तो कहानी है! आजकल ये सब मानता कौन है? लोग पागल हैं।"

"तू नाही मानत?"

"बिलकुल नहीं।"

"मंग दे पोट्टीले इकडं. इथंच अंगणात न्हाऊ घालते. पाहू दे साऱ्यायले."

त्यांनी हात पुढे केले. लिहिणाऱ्याचीच लेक त्यांच्या पायांवर दिसली असती, तर निधीची सासू दुसऱ्या दिवशी स्वतः बोलवायला आली असती.

भार्गव हसतच होता. हसता हसता तो एक पाऊल मागे सरला आणि त्यानं लेकीचं तोंड दुपट्यानं झाकून घेतलं.